म्हशीला अहो म्हणणारे सर

सर गेले तेव्हा पुण्यात त्यांची शोकसभा झाली. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी चार ओळी लिहून नेल्या होत्या, पण माझ्या आधी बोलले ते सगळे मोठे लोक होते. कुणी सरांच्या कबुतरांवरच्या कामाबद्दल बोललं, कुणी उंदरांबद्दल. एका बाईंनी तर सरांना प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासातले ऋषी म्हटलं. माझ्या चार ओळींत एक म्हैस होती, आईचं लुगडं होतं आणि शिव्या होत्या. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उभी राहिले, "सर खूप चांगले होते," एवढं म्हणाले आणि खाली बसले.

ते खोटं नव्हतं. पण सरांनी 'चांगले' हा शब्द तांबड्या शाईनं खोडला असता. म्हणून जे दिसलं ते लिहून बघते. जमेल की नाही, माहीत नाही.

मी माले गावाच्या पुढच्या एका वाडीतली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. मानसशास्त्र हा विषय मी घेतला, कारण त्याचे तास सकाळी असायचे आणि दुपारच्या एसटीनं घरी येता यायचं. हे शास्त्र शिकलं की समोरच्याच्या मनातलं कळतं, असं मला वाटायचं. अण्णांनाही तसंच वाटायचं. माझे वडील पिरंगुटला एका कंपनीत वॉचमन होते. "मग आमच्या सुपरवायझरच्या मनात काय हाय तेवडं बघून सांग," ते म्हणाले होते.

पहिल्या तासाला सर वर्गात आले ते हातात टोपली घेऊन. टोपलीत कोंबडी होती. ती त्यांनी टेबलावर सोडली, गळ्यातलं स्टॉपवॉच दाबलं आणि म्हणाले, "दहा मिनिटं बघा आणि लिहा."

मी लिहिलं, 'कोंबडी घाबरली आहे. तिला घरची आठवण येत आहे.' सरांनी ते मोठ्यानं वाचलं. वर्ग हसला. सर हसले नाहीत.

"हे तुम्हाला दिसलं, की वाटलं?"

"वाटलं, सर."

"मग 'मला वाटलं' असं लिहा. आपलं वाटणं कोंबडीच्या नावावर घालू नका."

मग त्यांनी कोंबडीला टोपलीत घातलं आणि तिला म्हणाले, "आभारी आहे. आपल्याला त्रास झाला."

आम्हाला ती गंमत वाटली, पण ती गंमत नव्हती. सर कुणालाच अरे-तुरे करत नसत. मुलांना नाही, शिपायाला नाही, जनावरांना तर नाहीच. पौडच्या अलीकडे एकदा एसटीसमोर म्हशींचा कळप बसला होता. ड्रायव्हरनं भोंगा वाजवून वाजवून हात टेकले. सर खाली उतरले आणि सगळ्यांत पुढच्या म्हशीला म्हणाले, "आपण जरा कडेला व्हाल का?"

कंडक्टर दारातून ओरडला, "ओ मास्तर, अर्ज काय करताय तिला? शेपूट पिरगळा की!"

"शेपूट पिरगळलं तर मीसुद्धा उठेन," सर म्हणाले. "त्यातून काय कळलं?"

अकरा मिनिटांनी ती म्हैस आपली आपण उठली. सरांनी गाडीत येऊन सगळ्यांना नेमका आकडा सांगितला, सेकंदांसकट. पिरंगुटच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला निघालेला एक जण म्हणाला, "हे माझ्या सायबाला लिहून द्या आता."

सर आधी पुण्यातल्या मोठ्या कॉलेजात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या भागात दोन खोल्यांचं घर बांधलं आणि ते तालुक्याच्या कॉलेजात तासापुरते शिकवू लागले. पुणं सोडून इकडे कशाला, असं मी एकदा भीत भीत विचारलं. म्हणाले, "पस्तीस वर्षं पिंजऱ्यातल्यांना पाहिलं. आता मोकळ्यांना बघायचंय. काही वेगळं निघालं तर पस्तीस वर्षं खोडावी लागतील." हे सांगताना ते खुशीत होते. म्हणजे, त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या आणि ते दोनदा हातावर हात चोळत होते. बाकी मला वाटलं.

त्यांच्या गळ्यातलं स्टॉपवॉच बघून गावानं त्यांना जत्रेतल्या कबड्डीला पंच केलं. पहिली चढाई संपली, दुसरी संपली, तरी सरांची शिट्टी वाजली नाही. चढाईला जाणारा गडी आधी कितीदा मांडी थोपटतो, हे ते मोजत होते. दोन्ही संघांनी मिळून त्यांना खुर्चीसकट उचललं आणि कडेला नेऊन ठेवलं. तिथूनही ते मोजतच राहिले.

गावात ते 'ढोरांचे डाक्टर' म्हणून ओळखले जायचे. लोक लंगडी शेळी घेऊन यायचे. सर सांगायचे, मी पायाचा नाही, मनाचा. "म्हंजी येड लागल्याल्या ढोरांचा," लोक आपसांत म्हणायचे. एका शेतकऱ्याचा बैल नव्या गतिरोधकापाशी आला की पाय रोवून उभा राहायचा. सर तीन दिवस त्या गतिरोधकाशेजारी दगडावर बसले. चौथ्या दिवशी त्या शेतकऱ्याला म्हणाले, "गतिरोधक आला की आपणच कासरा आवळता. बैल गतिरोधकाला थांबत नाहीत, आपल्याला थांबतात."

तो माणूस भडकला. "म्हंजी येडा मी का बैल?"

"तेवढं तीन दिवसांत सांगता येणार नाही," सर म्हणाले. त्यांना खरंच तसं म्हणायचं होतं. त्या माणसानं पुढे वर्षभर त्यांना रामराम घातला नाही. कासरा मात्र सैल सोडू लागला.

स्वतःवरही त्यांची नजर असायची. सर गेल्यावर त्यांच्या पुतण्यानं वह्यांच्या तीन पत्र्याच्या ट्रंका माझ्याकडे दिल्या. मी आता एमए करते आहे, जमेल तशा वाचते. कबुतरं आणि म्हशी सोडून कितीतरी पानांवर सर स्वतःच आहेत. 'चहात साखर नव्हती. बोललो नाही. हनुवटी दोनदा खाजवली. बशी जोरात ठेवली.' आणि पुण्याच्या लोकांना माहीत नाही ते एक सांगते. आमच्या ग्रामसभेत कुणी उठून म्हणालं, की रस्त्याची खडी अमक्यानं पळवली, तर मागून हमखास आवाज येतो, "दिसलं का वाटलं?" विचारणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना हे वाक्य कुणाचं, तेही ठाऊक नाही.

तिसऱ्या वर्षाला आम्हाला प्रकल्प करायचा होता. पिरंगुटच्या नव्या सोसायट्यांतल्या मुलींनी 'परीक्षेचा ताण' वगैरे विषय घेतले. सरांनी मला विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण आहे?" मी आई, अण्णा सांगितलं. "आणि?" मी हळूच म्हणाले, "म्हैस आहे." सरांच्या भुवया वर गेल्या. प्रकल्प ठरला. रोज दोन वेळा आई धार काढते तेव्हा शेजारी बसायचं आणि म्हैस काय करते ते वेळेसह लिहायचं. पुढे आठ महिने मी ते केलं.

आमच्या म्हशीचं नाव बिजली. आईनं माहेराहून पारडू म्हणून आणलेली, हातानं वाढवलेली. त्या वर्षी व्याली त्या वेतात तिचं रेडकू आठवड्याच्या आत गेलं, आणि तेव्हापासून ती आईशिवाय कुणाला पान्हा सोडत नव्हती. सर पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांनी आईला विचारलं, "ताई, त्या आपल्याला ओळखतात हे कशावरून?"

आई म्हणाली, "मी तिला वळखते की."

सरांनी ते लिहून घेतलं आणि बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले.

त्या दिवशी आईनं सरांसमोर धार काढली, पण बिजलीला पान्हा सोडायला एकोणीस मिनिटं लागली. एरवी दोन लागायची. परका माणूस बघून ती बुजली असेल, असं सरांनी वहीत लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह घालून. खरं कारण मला माहीत होतं.

आई धारेला बसली की पहिला थेंब पडेपर्यंत बिजलीला शिव्या द्यायची. रागानं नाही. कासेला पाणी लावत, एका तालात, जात्यावर बसल्यासारखी. "भवाने, टवळे, सटवे, कैदाशिणी, तुजं मडं न्हेलं वड्याला, सोड की गं आता." शेवटचं 'गं' लांबवायची, आणि चरवीत पहिली धार वाजायची. त्या दिवशी सरांसमोर तिनं तोंडाला पदर लावला होता आणि गप्प बसली होती.

मी वहीत लिहायची, 'सहा वाजून पाच मिनिटं. आई म्हशीशी बोलली.' रोज तेवढंच. पहिल्या वर्षी वर्गात माझ्या तोंडून 'हाय' आणि 'न्हाई' ऐकून मुली हसल्या होत्या. तेव्हापासून मी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलत होते. सर ज्या वहीवर सही करतात तिच्यात 'कैदाशीण' कशी लिहायची?

मग आईचं ऑपरेशन निघालं. पिशवी काढायची होती. ती मावशीला सोबत घेऊन पुण्याला दवाखान्यात गेली आणि धार माझ्यावर आली. मी आईसारखीच बसले, पाणी लावलं आणि नीट भाषेत म्हणाले, "बिजली, चल बरं." बिजलीनं माझ्याकडे बघितलं आणि चरवीला लाथ मारली. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी कासेला हात लावून बघितलं. "ही आटाया लागली," ते म्हणाले. "एक डाव आटली, की वर्सभर नुसता चारा. माजी पाळी, तुजं कॉलेज, तुज्या आयला वाकाया बंदी. कोन बघनार? ऐतवारी हेडीला बोलिवतो." हेडी म्हणजे गुरांचा दलाल. रविवारी तो येणार होता आणि आई मंगळवारी. दवाखान्यातून फोनवर ती रोज पहिलं बिजलीचंच विचारायची, आणि मी रोज "बरी हाय" म्हणायचे. आई घरी येईल आणि गोठ्यात नुसता खुंटा असेल, हे सारखं माझ्या डोळ्यांपुढे यायचं.

मी कॉलेजात गेले नाही म्हणून सर घरी आले. सगळं ऐकून घेतलं, माझ्या आठ महिन्यांच्या वह्या मागितल्या आणि ओट्यावर बसून सगळ्या वाचल्या. मग कागदावर लिहिलं, वास, कापड, बांगड्या, बसण्याची बाजू, चरवीचा आवाज. "यातलं एक काहीतरी ताईंचं आहे आणि तुमच्याकडे नाही. एकेक करून बघू."

मग त्यांनी बोट ठेवलं. "इथं रोज आहे, 'आई म्हशीशी बोलली.' काय बोलतात?"

माझ्या कानांतून वाफा निघाल्या. "असंच, सर. लाडानं."

सरांनी मान डोलावली आणि कागदावर लिहिलं, 'लाड'.

पुढचे तीन दिवस आमच्या गोठ्यात जे चाललं, ते बघायला वाडी लोटली. मी आईचं लुगडं नेसले. आईच्या बांगड्या घातल्या. डाव्या बाजूला बसले, उजव्या बाजूला बसले. पितळेची चरवी, स्टीलची चरवी. बिजलीनं अर्ध्या पेल्यावर दूध दिलं नाही. शेजारच्या हौसाकाकू दर वेळी म्हणायच्या, "आगं, तुज्या आयगत कर की." मी ऐकू न आल्यासारखं करायची. शेवटी सर म्हणाले, "कदाचित तुमची काळजी त्यांना कळत असेल. मला काळजी नाही, कुतूहल आहे. मी बसतो."

रविवारी सकाळी सर पॅन्टवरून आईचं लुगडं नेसले. कासोटा हौसाकाकूंनी घातला. बांगड्या हातात जाईनात, म्हणून सुतळीत ओवून मनगटाला बांधल्या. सर बिजलीच्या शेजारी बसले आणि लाड करू लागले. "बिजलीबाई, आपण फार सोसलंत. आपली इच्छा असेल, तर थोडंसं दूध द्यावं. घाई नाही."

तेवढ्यात अण्णा हेडीला घेऊन गोठ्यात आले. हेडी दारातच थबकला.

"ह्या कोन?"

"पोरीचं सर हायेत," अण्णा खाली बघत म्हणाले.

"बरं, बरं. मला वाटलं, पावनी आली."

"नमस्कार," सर म्हणाले. "आपण जरा थांबता का? सोळा मिनिटं झाली आहेत."

हेडी थांबला नाही. त्यानं बिजलीच्या पाठीवरून हात फिरवला, कातडी चिमटीत धरून सोडली, कास दाबून बघितली. "हाडापेरानं बरी हाय. पन आटल्यालीच म्हनायची." आणि तो तिचं दावं सोडायला खाली वाकला.

मी म्हणाले, "सर, ते लाडानं नव्हतं."

सरांनी मान वळवली.

"आई शिव्या देते, सर. रोज. त्याशिवाय ती पान्हा सोडत नाही."

"मग वहीत का नाहीत?"

"मला लाज वाटली."

सरांनी मनगटाची सुतळी सोडली. मग म्हणाले, "आठ महिने तुम्ही आईंना वहीत मुकं ठेवलंत." मला ते याहून जास्त कधी बोलले नाहीत. त्यांनी उठून चरवी माझ्या हातात दिली.

मी बसले. पाणी लावलं. "भवाने," मी पुटपुटले. बिजलीचा एक कान हलला.

"मोठ्यानं," सर म्हणाले.

अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं. मी डोळे मिटले. "भवाने! टवळे! सटवे! कैदाशिणी! तुजं मडं न्हेलं वड्याला, तुला इकाया काडलीया, तुला कळतंय का न्हाई, माजी आय काय म्हनंल, सोड की गं आता!" मधलं विकण्याचं मी पदरचं घातलं होतं. 'गं' मात्र आपोआप लांबलं.

बिजलीनं मागचे पाय फाकवले. रवंथ करायला लागली. माझ्या बोटांखाली सड फुगले आणि चरवीत धार वाजली.

"आयला," हेडीनं टोपी काढली.

सर लुगडं गुडघ्यावर सावरून लिहीत होते. "'सटवे' आधी, की 'टवळे'?"

"टवळे आदी, मास्तर," हेडी म्हणाला. "मंग सटवे."

"आभारी आहे."

हेडीनं दावं परत खुंट्याला बांधलं. अण्णांना म्हणाला, "पावनं, ही मी न्हेत न्हाई. न्हेऊन हिला शिव्या कोन देनार? माजी बायकू लई सभ्य हाय." चहा पिऊन तो गेला. अण्णांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

आई मंगळवारी संध्याकाळी जीपमधून उतरली ती घरात न जाता थेट गोठ्यात आली. मी धारेला बसले होते आणि माझं तोंड चालू होतं. ती दाराला टेकून ऐकत उभी राहिली. "तीन वर्सं कॉलेजात काय शिकत हुती, कुनाला ठावं," ती मावशीला म्हणाली. "आत्ता कुटं बोलाया लागली पोरगी."

सर आधीच येऊन बसले होते, माझ्या आठ महिन्यांच्या वह्या मांडीवर घेऊन. आईला गोठ्यातच बाजेवर बसवल्यावर ते म्हणाले, "ताई, या वह्यांत आपली जागा रिकामी राहिली आहे. आपण म्हशीला ज्या शिव्या देता, त्या कृपया क्रमानं सांगाल का?"

आईनं पदर तोंडाला लावला. "मी? आन शिव्या? आवो काय बोलताय, सर! आमच्यात कुनी शिव्या देत न्हाई."

आईचा आवाज ऐकून बिजली गर्रकन वळली. चरवी उलटली, मी चरवीवर पडले आणि सगळं दूध सरांच्या चपलांखालून उंबऱ्याकडे निघालं.

"आगं ए कैदाशिणी, भवाने, हेंद्रट टवळे!" आई बाजेवरून ओरडली. "तुजं मडं बशिवलं, पोरगीला पाडतीस व्हय गं, सटवे! आन तुमी वो मास्तर, लेकनी घिऊन काय बसलाय, धरा की ती म्हस! ह्यातलं येक आक्शर जरी कागदावर घातलं ना, तर तुमचं बी मडं—"

ती थांबली.

"ओढ्याला, ना ताई?" सरांनी मान न उचलता विचारलं, आणि तेही लिहून घेतलं.